बाराची नाडी

"बाई, ह्यांचा डोळा लागलाय. म्या खाली जाऊन दोन घास खाऊन येऊ का?"

नऊ नंबर कॉटवरच्या म्हाताऱ्याची बायको विचारत होती. त्याच्या डाव्या हाताला सलाईन लावलेलं, उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरलेला. दुपारचे बारा वाजले होते. माझ्या काखेत तक्त्यांचा गठ्ठा, बोटांत पेन. सव्वीस कॉटी आणि मी एकटी.

"जा की," मी म्हणाले.

"न्हाई, म्हंजे चालंल ना? अकरा दिसांत आज पैल्यांदा घरघर थांबलीया बघा. कसे निवांत पडलेत."

"बरे आहेत ते. जा, जेवून या. उपाशी राहून तुम्हीच आडव्या झालात तर तुम्हाला कॉट कुठून आणू मी?"

ती हसली. म्हाताऱ्याचा हात तिनं हळूच चादरीवर ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि डबा घेऊन जिन्याकडं गेली. सलाईनचे थेंब पडत होते, तेवढं मला दिसलं. मी तक्त्यावर लिहिलं, ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाडी ब्याऐंशी, श्वास वीस. लिहिलं आणि दहा नंबरकडं वळले.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. गावाचं नाव सांगत नाही, हॉस्पिटलचंही नाही. तिथली निम्मी माणसं हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुलं हयात आहेत. एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, आणि मी, कुमुद वाघचौरे, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स होते. चौतिशीची. अकरा सिस्टर असायला हव्यात तिथं आम्ही पाच उरलो होतो. चौघींना सरकारी नोकरी लागली, दोघी बाळंतपणाला गेल्या. त्यांच्या जागी कोण? तर कुमुद. मला बावीस दिवसांत एकही सुट्टी नव्हती. सकाळपाळीला जोडून दुपारपाळी, कधी दुपारपाळीला जोडून रात्रपाळी. "कुमुद म्हणजे मशीन आहे," असं सगळे म्हणायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मशीनला काही दुखत नाही, हे किती सोयीचं असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

दुखत नव्हतं म्हणजे अगदी काहीच नाही. त्या महिन्यात वॉर्डात सात जण गेले. सातव्याला पांढऱ्या चादरीत बांधून झाल्यावर मी हात धुतले आणि शेजारच्या खोलीत बसून डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली. मीठ आहे की नाही हेही कळलं नाही. घरी माझ्या लेकीचा दात पडला. ती नाचत दाखवायला आली तर मी म्हणाले, "ठेव तिथं, लेबल लावून." नवरा हसला. मला मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळेना.

ट्रस्टींना आमची काळजी नव्हती असं नाही हं. आठवड्यापूर्वीच त्यांनी शहरातून एक मॅडम बोलावल्या होत्या, 'तणावमुक्त सेवा' या विषयावर. रात्रपाळी करून आलेल्यांना खाली सतरंजीवर बसवलं. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा आणि शांत समुद्र डोळ्यांसमोर आणा. मी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. डोळे मिटले आणि जी घोरायला लागले, ती चहा आल्यावरच उठले. मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या, फोटो निघाला आणि आम्ही परत ड्यूटीवर गेलो.

तर त्या दिवशी पाऊण वाजता मी नऊ नंबरचं सलाईन बदलायला गेले. नवी बाटली अडकवली आणि हात सरळ करायला गेले, तर हात गार. खांद्यापर्यंत गार.

डॉक्टर पटवेकर धावत आले. नवं पोरगं, पास होऊन वर्ष झालं नव्हतं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, हनुवटी हलवून पाहिली. मग सावकाश माझ्याकडं वळले.

"सिस्टर, हे आत्ता नाही गेलेले. तास-सव्वा तास तरी झालाय. साडेअकराच्या आसपास." मग त्यांनी तक्ता उचलला. "पण बाराला तर तुम्ही नाडी ब्याऐंशी लिहिलीय."

मी रिकामी बाटली ट्रेमध्ये ठेवली.  बाहेर ट्रॉलीचं चाक कुरकुरत होतं.

"ठीक आहे," ते पेन काढून म्हणाले, "साडेबाराला हृदय बंद पडलं असं लिहितो. म्हणजे जुळेल."

आणि त्यांनी तसं लिहिलं. कागदाला कागद जुळला. मी नऊ नंबरच्या नाकात कापूस घातला, पायाचे अंगठे बांधले आणि त्याला बाजूच्या खोलीत हलवलं. मला काय वाटलं असं विचाराल, तर काही नाही. आता एक कॉट रिकामी झाली, चादर बदलायची, एवढंच डोक्यात होतं.

एक वाजता ती वर आली. तिचं नाव द्वारकाबाई डोईफोडे. नवरा रंगनाथ डोईफोडे, कालव्यावर पाटकरी होता, शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडायचा. हे सगळं मला नंतर कळलं. अकरा दिवस माझ्या लेखी तो नऊ नंबर होता, आणि ती नऊ नंबरची बाई. मागोमाग जावई आला, भास्कर, चांगला दांडगा गडी. पटवेकरांनी दोघांना दारातच गाठून सांगितलं, "आजी, आजोबा गेले. साडेबाराला. अचानक झालं, आम्हाला काही करता आलं नाही."

"साडेबाराला?" तिनं विचारलं.

"हो."

"तवा तर म्या खाली जेवत होते."

आणि मग तिनं जो हंबरडा फोडला, तो अख्ख्या वॉर्डानं ऐकला. मढ्यापाशी बसून ती आपल्याच तोंडावर हातानं मारायला लागली. "ह्या तोंडानं भाकर खाल्ली गं माय! ते जीव सोडायले अन् म्या भाकर मोडायले! धनी, चाळीस वर्सं तुमच्यासंगं पाटावर रात्री काढल्या. इचूकाट्याचं भ्याव म्हणून एकट्यानं जाऊ दिलं न्हाई तुमाला. अन् आज जाताना एकट्यानं धाडलं!"

भास्कर तिचे हात धरत होता. "मामी, असं नका करू. तुम्हाला काय ठावं होतं?"

"आजपासून भाकर बंद," ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. सरळ, स्वच्छ बोलली. "माझ्या तोंडात आता भाकर जायची न्हाई. सांगून ठेवते, भास्करा."

दुःखात बायका काय वाटेल ते बोलतात, असं आपण म्हणतो. पण मी सतराशे साठ नातेवाईक पाहिलेत. बोलून मोकळी होणारी कोण आणि बोललेलं करणारी कोण, ते ओळखू येतं. ही करणारी होती. मला ते कळलं, आणि कळूनही मी बारा नंबरला इंजेक्शन द्यायला गेले.

तिथून मला मार्था सिस्टरनी बोलावलं. मार्था शिरसाठ, आमच्या इन्चार्ज. मिशनच्या जुन्या तालमीत तयार झालेल्या, सत्तावन्न वर्षांच्या, निवृत्तीला दहा आठवडे राहिलेले. आवाज कधी चढवायच्या नाहीत, आणि त्यामुळंच आम्ही त्यांना टरकून असायचो. चादरींच्या खोलीत नेऊन त्यांनी दार लोटून घेतलं. हातात नऊ नंबरचा तक्ता.

"बाराची नाडी तू घेतलीस?"

"घेतली."

"कुठल्या हाताची?"

मला प्रश्नच कळला नाही. "उजव्या."

"उजवा हात त्या बाईच्या हातात होता. आठ वाजल्यापासून तिनं तो सोडला नव्हता, मी राउंडला बघून गेले होते. तिच्या हातातून तू तो काढून घेतलास?"

"डाव्या मग."

"डाव्याला सलाईनची पट्टी होती, मनगटापर्यंत." त्यांनी तक्ता खाली ठेवला. "कुमुद."

"नाही घेतली," मी म्हणाले.

"किती दिवसांपासून घेत नाहीस?"

"बारा. तेरा असतील."

"कुणाचीच?"

"कुणाचीच नाही."

मला वाटलं आता कानाखाली बसते. पण त्यांनी कपाटावरचा सगळा गठ्ठा ओढला आणि गादीवर एकेक तक्ता मांडत गेल्या. अठ्ठ्याहत्तर, ब्याऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. आणि प्रत्येकाच्या खाली हिरव्या शाईत त्यांची सही.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "सव्वीस माणसं. कुणाला टायफॉइड, कुणाचं हृदय पोखरलेलं, कुणी दारूनं झिंगलेला, आणि सगळ्यांच्या नाड्या एका तालात. हा काय बँड आहे? आणि मी रोज खाली सही करतेय. मी सदतीस वर्षं नोकरी केली गं! मला हे दिसायला नको होतं?"

मी तक्ते गोळा करून काखेत घेतले.

"मला ते बघायचंच नव्हतं, कारण तू कधी सुट्टी मागत नाहीस. बाकीच्या कटकट करतात, रडतात, आजारी पडतात. तू नाही. म्हणून मी सगळं तुझ्याच गळ्यात घालत गेले. मागेल त्याला सुट्टी आणि न मागेल तिला डबल ड्यूटी, असा माझा कारभार." त्या गादीच्या कडेवर बसल्या. "आता ऐक. डॉक्टरांनी साडेबारा लिहिलंय. कागद बंद झालाय. तू गप्प बसलीस तर मीही गप्प बसेन. तुझी नोकरी राहील, माझी अब्रू राहील. कुणाला काही कळणार नाही."

"हो."

"फक्त ती बाई जन्मभर असं समजून राहील की तिचा माणूस एकटा मेला आणि ती खाली जेवत होती. खरं तर तो तिचा हात धरून गेला. हे जगात तिघांनाच माहीत आहे. पटवेकर मला बोलला, पण तिला सांगणार नाही."

खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मी चादरींच्या घड्या बघत उभी राहिले. मग खरं तेच बोलले. "सिस्टर, मला काहीच वाटत नाहीये. वाईटसुद्धा वाटत नाहीये. मी तिला काय सांगू? असं कोरड्या तोंडानं?"

"वाटायला पाहिजे असं कोण म्हणतंय?" मार्था सिस्टर म्हणाल्या. "तुला वाटायची वाट बघत बसलीस तर ती उपाशी मरेल. कोरड्या तोंडानं सांग. सांगायचं असेल तर."

दीड वाजून गेला होता. शववाहिका यायची होती. मी बाजूच्या खोलीच्या दारात गेले. नोकरी जाणार हे मला ठाऊक होतं. रजिस्ट्रेशनसुद्धा जाऊ शकत होतं. आणि ते घाबरणंसुद्धा मला लांबून ऐकू आल्यासारखं वाटत होतं, पलीकडच्या गल्लीत कुणीतरी भांडावं तसं.

"आजी," मी म्हणाले, "आजोबा साडेबाराला नाही गेले."

तिनं मान वर केली नाही. भास्करनं केली.

"साडेअकराला गेले. तुम्ही तेव्हा त्यांच्याजवळ होता. त्यांचा हात तुमच्या हातात होता. घरघर थांबली म्हणालात ना, ती तेव्हाच. मला कळायला हवं होतं. मी पाहिलंच नाही. नाडी न बघताच कागदावर लिहिलं. तुम्हाला बरे आहेत म्हणून सांगितलं, तेही न बघताच."

भास्कर उठला. "काय बोलता हो तुम्ही? न बघता? अन् वाचले असते तर?"

"ते मला माहीत नाही. साडेअकराला कुणी पाहिलं असतं तर कदाचित. मी बाराला आले, तेव्हा ते गेलेले होते."

"तुमच्या मायला!" त्यानं हात उगारला. मी तिथंच उभी होते. हात चुकवावा असंही मला सुचलं नाही. मार्था सिस्टर मध्ये आल्या आणि त्याच वेळी द्वारकाबाई बोलली.

"थांब रं."

तो थांबला. पण तोंड थांबेना. "मामी, म्हंजे मयत झाल्यावर तुम्ही जेवलात! मढं पडलेलं असताना! ह्या बाईपायी!"

आमच्याकडं मयत उचलेपर्यंत चूल पेटत नाही, कुणी पाणीसुद्धा घोटभरच पितं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका डागातून सोडवायला गेले आणि दुसरा डाग लावून बसले, असं मला वाटलं.

द्वारकाबाईनं क्षणभर विचार केला. "ते अजाणता झालं," ती म्हणाली. "त्याचं काय ते म्या देवाशी बघून घीन. तू गप बस." मग माझ्याकडं वळली. "डाक्तर म्हनतो साडेबारा. तू म्हनतीस साडेअकरा. म्या अडाणी बाई, कुणाचं खरं धरू? त्यांच्या अंगाला हात लावून सांग."

मेलेल्या माणसाच्या अंगाला हात लावून खोटं बोलायची छाती कुणाची होत नाही. मी पुढं झाले आणि चादर बाजूला केली. छातीला नाहीतर पायाला हात लावायचा, पण माझा हात मनगटाकडं गेला. तीन बोटं अंगठ्याच्या बाजूला टेकली आणि दुसऱ्या हातावरच्या घड्याळाकडं डोळे गेले. सेकंदकाटा फिरत होता.  मी पूर्ण मिनिट धरून राहिले. तळव्याला फावड्याचे घट्टे होते, जुने, शिंपल्यासारखे कडक. अकरा दिवस मी या हाताला सुया टोचल्या होत्या आणि ते घट्टे मला कधी लागले नव्हते. हात गार होता. तो गारवा मला लागला, कोपरापर्यंत चढला.

"साडेअकरा," मी म्हणाले. "एकटे नव्हते. तुमच्या हातात होते."

द्वारकाबाईनं तो हात परत आपल्या हातांत घेतला.

"दाबला होता," ती मग म्हणाली, कुणाला तरी सांगितल्यासारखं. "म्या सांगत होते, घरी गेल्यावर पाटावर जाऊ, पाण्याच्या दाराला नवी फळी बसवली म्हनत्यात, बघून येऊ. तर हात दाबला माझा. अन् मग सैल सोडला. मला वाटलं, लागला डोळा." तिनं नाक पुसलं. "म्हंजे ऐकून गेले."

"हो," मी म्हणाले.

"भास्करा, गाडी आली का बघ. ह्यांना घरी न्यायचंय."

तो दात खात गेला. ती उठली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. त्या बावीस दिवसांत तसं माझ्याकडं कुणी पाहिलं नव्हतं.

"तूबी घरी जा, बाई," ती म्हणाली. "ह्यांच्यापरीस तूच मढ्यावानी दिसायलीस."

मार्था सिस्टरनी माझ्या काखेतला गठ्ठा काढून घेतला. मी घरी गेले.

संध्याकाळी सहाला त्या आमच्या दारात उभ्या, अजून ड्रेसवरच. माझ्या घरी त्या पहिल्यांदाच येत होत्या. सासूबाईंनी चहा टाकला. मार्था सिस्टरनी पर्समधून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. ट्रस्टला दिलेला अहवाल. त्यात पहिलं नाव त्यांचं होतं. बावीस दिवसांच्या माझ्या पाळ्या त्यांनी एकाखाली एक लिहून काढल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की हे ठरवलं मी, पाहायचं होतं मी, आणि पाहिलं नाही. मग माझी चूक, जशी घडली तशी. एक शब्द कमी नाही, जास्त नाही.

"तुला निलंबित करतील," त्या म्हणाल्या. "दोन-तीन महिने. जास्त नाही होऊ देणार मी. झोप काढ."

"आणि तुम्हाला?"

"मला काय करणार? निरोपाचा नारळ देणार नाहीत, एवढंच." आणि तसंच झालं पुढं. त्या गेल्या तेव्हा ना सभा झाली ना हार.

चहा झाला तरी त्या उठेनात. कप बशीत फिरवत राहिल्या.

"तू गेल्यावर मी सगळ्यांच्या नाड्या घेतल्या," त्या म्हणाल्या. "उरलेल्या पंचवीस. एकेकाची पूर्ण मिनिट धरून. साडेतीन वाजले."

 पुढं विचारायची मला हिंमत झाली नाही.

"तेरा नंबरची एकशे अडतीस निघाली, कुमुद. आत रक्तस्राव चालू होता. कण्हतही नव्हता बिचारा."

तेराच्या तक्त्यावर मी काय लिहिलं होतं ते मला लख्ख आठवत होतं.

"मग?"

"खाली नेला. रक्त दिलं. वाचेल म्हणतात."

सासूबाई नंतर सांगायच्या की माझा तो आवाज ऐकून शेजारची माणसं धावत आली, आमच्याकडं कुणी गेलं की काय म्हणून. मार्था सिस्टर त्यांना दारातूनच सांगत होत्या, "काही नाही, काही नाही, कुणी गेलं नाही. रडू द्या तिला."